दम कुठं तुटतो?

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे काही तालुके वेगळे काढून हिंगोली जिल्हा झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला अमेरिकेत 'टोनी हॉक्स प्रो स्केटर' नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण मी दोघांनाही वाढताना पाहिलंय, त्यामुळं माझ्या लेखी ती जुळी भावंडं आहेत.

हा गेम आमच्या हिंगोलीत पोचला तो २००३ च्या आसपास. सकाळी कॉम्प्युटर क्लास आणि संध्याकाळी नेट कॅफे असं दुहेरी काम करणारा एक गाळा होता. अर्ध्या तासाला दहा रुपये. सीडी कुठून आली हे कुणी विचारत नसे आणि मालकही सांगत नसे. पडद्यावर हेल्मेट घातलेला एक उंच माणूस, म्हणजे गेमच्या नावातलाच खराखुरा स्केटर टोनी हॉक, चार इवल्या चाकांच्या फळीवर उभा राहायचा, जिन्याच्या कठड्यावरून घसरत जायचा, हवेत गिरकी घ्यायचा आणि पुन्हा फळीवरच उतरायचा. आमच्यापैकी कुणीच खरा स्केटबोर्ड पाहिलेला नव्हता. काळ्या मातीचा मुलूख आमचा. पावसाळ्यात सायकलच्या मडगार्डमध्ये चिखल बसून चाक फिरेनासं होतं. तिथं त्या चाकांचं काय होणार!

तरीही आठवड्याभरात हा गेम आमचा झाला. असं का झालं याचा उलगडा मला फार उशिरा झाला. फळी नवी होती, पण खेळ ओळखीचा होता. तो हुतूतू होता.

हुतूतूत चढाई करणारा गडी दम धरून पलीकडे जातो. एकाला शिवतो, दुसऱ्याला शिवतो. पण शिवलं म्हणजे गुण मिळाला असं नाही. गुण मिळतो तो मध्यरेषेला परत हात लागल्यावर. तोवर सगळं उधारीवर. लोभ सुटला, आणखी एकाला शिवायला गेला आणि तिथंच दम तुटला किंवा पकड झाली, की आधीची सगळी कमाई मातीत.

टोनी हॉकच्या गेममधला हिशेब नेमका हाच आहे. समजा तुम्ही न थांबता तीन करामती केल्या. एकीचे ५००, दुसरीचे ३००, तिसरीचे २०० गुण. बेरीज झाली १,०००. आता करामती तीन, म्हणून तिला गुणायचं तीननं. झाले ३,०००. चौथी करामत जोडली, तर बेरीजही वाढते आणि गुणकही चारवर जातो. एकच करामत परत परत केली, तर तिचा भाव उतरत जातो, म्हणजे नव्या नव्या करामती शोधणं आलं. हे सगळे गुण पडद्याच्या खालच्या कडेला नुसते लटकत असतात. चाकं नीट जमिनीला लागून साखळी पुरी झाली तर जमा. तोंडावर आपटलात तर शून्य. या साखळीला गेमच्या भाषेत कॉम्बो म्हणतात. आम्ही तिला सरळ दम म्हणायचो. "दम तुटला लेका!" ही आरोळी त्या गाळ्यात दर दोन मिनिटांनी उठायची.

दोन मिनिटांनीच, कारण प्रत्येक डाव तेवढ्याच वेळाचा होता. कॅलिफोर्नियातल्या 'नेव्हरसॉफ्ट' या छोट्या कंपनीनं हा गेम केला, 'ॲक्टिव्हिजन'नं तो विकला. नेव्हरसॉफ्टच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर सेगाचं 'टॉप स्केटर' होतं. नाणं टाकायचं, फळीवर चढायचं आणि घटकाभर खेळायचं, अशा जातीचं ते यंत्र. त्याचं घड्याळ या गेमच्या रक्तात उतरलं. आणखी एक गंमत म्हणजे नव्या गेमसाठी त्यांनी आपल्याच 'अपोकॅलिप्स' या मारधाडीच्या गेमचा सांगाडा वापरला. त्यात नट ब्रूस विलिस नायक होता. त्यामुळं अगदी सुरुवातीच्या नमुन्यात पाठीला बंदूक अडकवलेला ब्रूस विलिस स्केटबोर्डवरून हिंडत होता!

तेव्हापासून आजवर या गेमचे डझनावर भाग निघाले. गेम कसा बदलला असं कुणालाही विचारा, तो म्हणेल, चित्रं सुधारली, चेहरे खरे दिसायला लागले, शहरं मोठी झाली. खरं आहे, पण ते झालं रंगरंगोटीचं. ही मालिका आतून बदलली ती एकाच प्रश्नाभोवती. प्रत्येक भागानं जुन्याच प्रश्नाचं नवं उत्तर दिलं. प्रश्न असा की, दम कुठं तुटावा?

पहिल्या भागात तो सपाट जमिनीवर तुटायचा. कठड्यावरून घसरलात, उडी मारून दुसऱ्या कठड्यावर गेलात, तोवर साखळी शाबूत. दोन कठड्यांमध्ये रिकामी फरशी आली आणि चाकं तिला टेकली, की साखळी तिथंच संपली. म्हणजे खेळाडूच्या दृष्टीनं जगात फक्त कठडे आणि उतार होते. मधली जमीन नुसती अडचण होती.

२००० साली दुसरा भाग आला आणि त्यात एक क्षुल्लक वाटणारी भर पडली, 'मॅन्युअल'. सायकलचं पुढचं चाक उचलून पोरं मागच्या चाकावर चालवतात, तसं फळीच्या दोनच चाकांवर तोल धरून जायचं. वर आणि खाली अशी दोन बटणं झटक्यात दाबायची, की झालं. बाजूला तोलाचा काटा डोलत राहायचा, तो मध्ये धरून ठेवायचा. हे जमलं, की सपाट फरशीवरूनही साखळी पुढं नेता यायची. आता नीट बघा, काय झालं ते. नकाशात एक वीटही न बदलता सगळं जग बदललं. काल जी फरशी अडचण होती ती आज पूल झाली. माझ्या मते या सबंध मालिकेतला सगळ्यात मोठा शोध हाच. आणि तो एवढासा होता, दोन बटणांचा.

एक भोक अजून उरलं होतं. उंच उतारावरून हवेत जाऊन खाली आलं, की लगेच मॅन्युअल करता येत नसे, साखळी तिथं तुटायचीच. २००१ च्या तिसऱ्या भागानं तेही बुजवलं. खाली उतरता उतरता फळी अर्ध्या वर्तुळात गर्रकन फिरवायची. याला म्हणतात 'रिव्हर्ट'. रिव्हर्ट केला की त्याला मॅन्युअल जोडता येतो, मॅन्युअलला कठडा, कठड्याला पुन्हा उतार. आता हवा, उतार, कठडा आणि जमीन या चारही गोष्टी एका धाग्यात आल्या. हजारांत मोजले जाणारे गुण लाखांत गेले, पट्टीच्या खेळाडूंचे तर कोटींत.

आमच्या गाळ्यात मात्र साखळी तुटण्याचं पाचवंच एक कारण होतं, ते अमेरिकेत कुणाला सुचलं नसतं. भारनियमन. मॅन्युअलचा काटा मध्ये धरून ठेवलाय, खाली सहा आकडी गुण लटकलेत, मागं चार पोरं श्वास रोखून उभी आहेत, आणि लाइट गेली. काळ्या पडलेल्या पडद्यात पाच तोंडं दिसायची. ते गुण कुठल्या वहीत जमा धरायचे यावर आमची खरोखरची भांडणं झालेली आहेत.

२००२ च्या चौथ्या भागानं घड्याळालाच हात घातला. दोन मिनिटांचा डाव काढून टाकला. आता मैदानात वाटेल तेवढा वेळ हिंडा. डोक्यावर बाण असलेली माणसं दिसतील, त्यांच्याशी बोला, ती काम सांगतील. घड्याळ चालणार ते फक्त त्या कामापुरतं. मोकळं मोकळं वाटलं खरं. पण अर्ध्या तासाचे दहा रुपये मोजणाऱ्या पोरांना हा मोकळेपणा महागात पडू लागला. दोन मिनिटांच्या डावात प्रत्येकाची पाळी यायची. आता एकजण बसला की उठेचना.

२००३ चा 'अंडरग्राउंड' आणखी पुढं गेला. आता नायक टोनी हॉक नव्हे, न्यू जर्सीतला एक साधा पोरगा, म्हणजे तुम्हीच. त्याला एरिक स्पॅरो नावाचा मित्र. आपला हिरो हॉटेलच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरच्या वरून उडी मारतो, एरिक त्याचं चित्रण करतो आणि पुढं ते चित्रण स्वतःच्या नावावर खपवतो. गेममधल्या एखाद्या पात्राला मनापासून शिव्या घालाव्यात, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा घडलं. आपल्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं इतकंच, की या भागात फळीवरून खाली उतरून पायी चालता येऊ लागलं. आणि ठरावीक क्षणांत परत फळीवर चढलात, तर साखळी तुटलेली धरत नसत. म्हणजे चढाई करणारा गडी मध्येच मैदानाबाहेर जाऊन पाणी पिऊन आला आणि पंचांनी दम चालू धरला, असला प्रकार!

२००४ मध्ये जगभर खोड्या काढत हिंडणं आलं. २००५ च्या 'अमेरिकन वेस्टलँड'मध्ये सायकल आली आणि एकसंध लॉस एंजेलिस शहर आलं. कुठंही न थांबता सगळं शहर फिरा, अशी जाहिरात होती. प्रत्यक्षात एका भागातून दुसऱ्यात जाताना लांबलचक बोगदे लागायचे. तुम्ही बोगद्यात असताना यंत्र पलीकडचा मुलूख मांडून ठेवायचं. लबाडी म्हणा, पण हुशार लबाडी.

दर वर्षी नवा भाग, आणि दर भागात थांबण्याचं एकेक कारण नाहीसं. शेवटी दम तुटायचं कारणच उरलं नाही. मुरलेला खेळाडू मिनिटामागून मिनिटं एकच साखळी ओढत राहायचा. कधीच दम न तुटणारा हुतूतू पाहायला कोण थांबणार? पकड होण्याची भीती गेली, की मध्यरेषेला हात लागल्याचा आनंदही जातो. ही मालिका दमली नव्हती. तिनं आपल्या खेळाडूला दमवायचं सोडून दिलं होतं.

हे कुणाला तरी बाहेरून दाखवून द्यावं लागलं. २००७ साली 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'च्या कॅनडातल्या 'ब्लॅक बॉक्स' स्टुडिओनं 'स्केट' नावाचा गेम आणला. त्याचं मर्म समजायला खरी फळी हवेत कशी जाते ते आधी पाहू. स्केटबोर्ड पायाला बांधलेला नसतो. मग उडी मारली की तो पायाबरोबर वर येतो कसा? आधी मागच्या पायानं फळीचं शेपूट जमिनीवर सटकन आपटायचं. पुढचं टोक उसळतं. त्याच क्षणी पुढचा पाय फळीवरून घासत पुढं न्यायचा. त्या घर्षणानं मागची बाजूही वर ओढली जाते आणि फळी हवेतच सपाट होते. या उडीला 'ऑली' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या ॲलन गेल्फंड या पोरानं ती उतारावर शोधली. ऑली हे त्याचं टोपणनाव. पुढं रॉडनी मलननं ती सपाट जमिनीवर आणली. आजच्या रस्त्यावरच्या स्केटिंगचा पाया तोच.

टोनी हॉकच्या गेममध्ये ऑली म्हणजे एक बटण. 'स्केट'मध्ये मात्र कंट्रोलरची उजवी काडी म्हणजे तुमचे पाय. काडी खाली ओढायची आणि झटक्यात वर सारायची, अगदी त्या शेपूट आपटण्यासारखं. जरा तिरकी सारली, की फळी हवेत पलटी खाणार. कॅमेराही जमिनीलगत, पोटऱ्यांच्या उंचीवर. कोटींचे गुण नाहीत, हेलिकॉप्टर नाही. पाच पायऱ्यांचा जिना सुखरूप ओलांडला तरी माणूस खुर्चीतून उठून ओरडायचा. दम पुन्हा तुटायला लागला होता. त्या वर्षी 'स्केट' टोनी हॉकच्या नव्या भागापेक्षा जास्त खपला. तो नवा भाग नेव्हरसॉफ्टनं केलेला शेवटचा. ती मंडळी तोवर 'गिटार हीरो'कडे वळली होती.

पुढची आठ वर्षं पडझडीची. २००९ च्या 'राइड'बरोबर बिनचाकाची, सेन्सर लावलेली प्लास्टिकची फळीच मिळायची. तिच्यावर उभं राहून खेळायचं. कल्पना झकास, पण फळीला पायाचं म्हणणं धड कळायचं नाही. दहा वर्षं बोटांनी शिकलेली भाषा एका फटक्यात बाद झाली. २०१२ मध्ये जुनी मैदानं नव्या चित्रांत आली, पण सुरुवातीला त्यात रिव्हर्ट नव्हता. तो पुढं वेगळे पैसे देऊन घ्यावा लागला. २०१५ च्या 'प्रो स्केटर ५'नं तर हद्द केली. हवेतून झटक्यात जमिनीवर आपटायची नवी करामत आणली, आणि तिला बटण दिलं कठड्यावर चढायचंच! खेळाडू कठडा धरायला जायचा आणि जमिनीवर आदळायचा. वर पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून जी दुरुस्ती उतरवून घ्यावी लागे, ती डिस्कवरच्या मूळ गेमपेक्षा आकारानं मोठी होती.

या तिन्ही चुका वरवर वेगवेगळ्या दिसतात, पण तिन्हींत एकच गोष्ट हरवली होती. दम तुटला तर तो खेळाडूच्या हातानं तुटायला हवा. तो यंत्राच्या चुकीनं तुटला, की ती आमची जाणारी लाइटच झाली.

इथं मला औंढा नागनाथ आठवतं. आमच्या जिल्ह्यातलं हे ज्योतिर्लिंगाचं देऊळ जरा लांबून पाहिलं, की एक आडवी रेघ नजरेत भरते. रेघेच्या खाली यादवकाळचा काळा दगड, त्यावर हत्ती, देवता, माणसं ठासून कोरलेली. रेघेच्या वर उजळ रंगाचं, वेगळ्याच घडणीचं शिखर. ते खूप नंतरचं. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असं सांगतात. वरचा भाग खालच्याची नक्कल करत नाही. खालचा भाग वरच्याला आपल्यासारखं हो म्हणत नाही. तरी देऊळ एकच आहे, कारण भार पेलणारा दगड जुनाच आहे.

२०२० च्या ४ सप्टेंबरला 'व्हिकेरियस व्हिजन्स' या स्टुडिओनं पहिल्या दोन भागांचा जीर्णोद्धार केला तो असाच. चित्रं, ऊन-सावल्या, आवाज सगळं नवं. पण फळी वळते कशी, उडी किती उंच जाते, हे ठरवणारा नेव्हरसॉफ्टचा मूळ कोड त्यांनी पायात तसाच ठेवला. दोन मिनिटांचं घड्याळही परत आणलं. पण भाबडेपणानं सगळंच जुनं केलं नाही. तिसऱ्या भागातला रिव्हर्ट त्यांनी पहिल्या भागाच्या मैदानांतही वापरू दिला. मालिकेनं वीस वर्षांत काय कमावलं आणि कुठं वाहवत गेली, याचा इतका नेमका निवाडा कुठल्या समीक्षकानं केला नसेल. दहा दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. चेहरे मात्र आजचे होते. टोनी हॉक ५२ वर्षांचा, सुरकुत्यांसकट. आणि मालिका सुरू झाली तेव्हा सहा वर्षांचा असलेला त्याचा मुलगा रायली, तोही आता फळीवर.

११ जुलै २०२५ ला तिसऱ्या आणि चौथ्या भागाचा जीर्णोद्धार आला, 'आयर्न गॅलक्सी'च्या हातचा. ज्या चौथ्या भागानं घड्याळ काढून टाकलं होतं, त्याच्याही मैदानांत आता दोन मिनिटांचं घड्याळ आलं. जुने खेळाडू दुखावले. आमचा चौथा भाग म्हणजे तो मोकळेपणाच होता, तोच काढला तर उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. चूक नाही ते. शिखर बदललं तर चालतं, पण नेमका कुठला दगड भार पेलतोय हे प्रत्येक भक्ताचं वेगळं असतं. कबड्डीतही हा वाद झालाच की. प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ बघून आमच्याकडचे जुने गडी अजून म्हणतात, "दम छातीत असावा, घड्याळात नको."

दम न तुटण्याची औंढ्याचीच एक आख्यायिका आहे. आमच्या नर्सीचे नामदेव देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितलं. ते मागं गेले, कीर्तन पुढं चालू ठेवलं, आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. दगडाचं देऊळ फिरलं, पण कीर्तन तुटलं नाही.

आणि टोनी हॉकची खरी गोष्ट ऐका. २७ जून १९९९, सॅन फ्रान्सिस्को, एक्स गेम्स. तो हवेत अडीच गिरक्या घेऊ पाहत होता. ३६० अंशांची एक, म्हणजे एकूण ९००. स्पर्धेत तोवर हे कुणाला जमलं नव्हतं. तो पडत राहिला. स्पर्धेची वेळ संपली. तरी कुणी त्याला थांबवलं नाही, बाकीचे स्पर्धक कडेला उभे राहून फळ्या आपटत त्याला चढवत राहिले. बाराव्या प्रयत्नात तो उतरला. तीन महिन्यांनी गेम आला. त्याच्या भागांमध्ये एक नियम पहिल्यापासून माझा आवडता आहे. घड्याळ शून्यावर आलं, तरी तुमची साखळी चालू असेल तर खेळ थांबत नाही. तुम्ही उतरेपर्यंत किंवा पडेपर्यंत तो वाट पाहतो.

आता महाराष्ट्राला स्केटबोर्ड अनोळखी राहिलेला नाही. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं त्यात सुवर्णपदक मिळवलं. हिंगोलीत अजून तरी तो पडद्यावरच आहे. गेल्या दिवाळीत माझा भाचा लॅपटॉपवर नवी आवृत्ती खेळत होता. मैदान तेच जुनं गोदाम, पहिल्या भागातलं. त्यानं उतारावरून उडी घेतली, रिव्हर्ट, मॅन्युअल, कठडा, परत मॅन्युअल. घड्याळ शून्यावर आलं. तो चालूच. खाली सात आकडी गुण लटकलेले. मी नकळत श्वास रोखून धरला होता, नजर एकदा पडद्यावर आणि एकदा वरच्या ट्यूबलाइटवर.

काटा कलला. तो तोंडावर आपटला. शून्य.

"मामा, तुम्ही वर काय बघत होता?" त्यानं विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "सवय आहे जुनी. तू परत लाव."